दिव्यांची माळ चोरांपासून वाचवण्याचे खात्रीशीर उपाय

पहिला उपाय म्हणजे माळ गेटवर लावतानाच मनातल्या मनात चोराला अर्पण करा. आमची वसुबारसेला लावली. अभ्यंगस्नानाला उठलो तर खिळे तेवढे शिल्लक. अडॅप्टरही नेला. काम चोख हो माणसाचं!

पोलिसांत जाण्याची हौस असेल तर जरूर जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची.

त्यापेक्षा पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सवाली तपकीर गल्ली गाठा. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १०० किलोओहमचा रेझिस्टर, बझर आणि ९ व्होल्टची बॅटरी घ्या. माळेबरोबर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळून खिळ्यांना घट्ट बांधा. तार शाबूत आहे तोवर ट्रान्झिस्टरचा बेस, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा मधला पाय, ग्राउंडला (बॅटरीच्या मायनसला) धरलेला, म्हणून बझर गप्प. माळ ओढली, तार तुटली, की बेसला करंट मिळतो आणि बझर कोकलतो.

तारेत २३० व्होल्ट सोडायची आयडिया सुचलेल्यांनी गप्प बसावं. पेपरवाल्या पोरालाही हात असतात.

आता बझर वाजल्यावर शेजारी कसे धावून येतात ते पाहा. आमचा पाडव्याच्या रात्री दोनला वाजला. समोर तीन खिडक्यांत दिवे लागले आणि विझले. सकाळी ग्रुपवर चोराबद्दल अक्षर नाही. तक्रार काय, तर झोपमोड! ‘इमारतीत ज्येष्ठ नागरिक आहेत.’ अहो, दहानंतर बंदी असताना साडेबारापर्यंत सुतळी बॉम्ब लावणारे तुम्हीच ना? तेव्हा ज्येष्ठ नागरिक घोरत असतात, तान्ही बाळं टाळ्या पिटतात, आणि माझ्या ९ व्होल्टांनी बीपी वाढतं? सेक्रेटरी विचारतात, परवानगी घेतली होती का. कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणे बंद आहे, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपली. मेंटेनन्सचं बिल बरं एक तारखेला येतं!

चोराचं सोडा. खिडकीतून बघणाऱ्यांनो, पडदा हललेला मी खालून पाहिला. ‘कोण आहे रे?’ एवढं ओरडायला काय जात होतं? माळ माझ्या दाराला नव्हती, सगळ्यांच्या गेटला होती. वर्गणी मागितली तेव्हा गावाला जाणार म्हणालात, आणि बसलात घरातच. जरा लाज वाटू द्या. तुळशीच्या लग्नाला पुन्हा माळ लावतोय. वाजलं तर खाली या.