शंभरपटीचं वचन पुरतं वाचा, मग लोकांकडे पैसे मागा

"देवाची लेकरं गरीब राहूच शकत नाहीत" अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या वसईत घरोघरी फिरतोय. येशू स्वतः श्रीमंत होता, गरिबी हा शाप आहे, दिलेल्या पैशाचं 'बी' शंभरपट होऊन परत येतं, उंट आणि सुईचं नाक ही फक्त एका दरवाज्याची गोष्ट आहे, आणि ज्याचं कर्ज किंवा आजार हटत नाही त्याचा विश्वासच कमी. एवढं सगळं सांगून झालं की खाली क्यूआर कोड. मेसेज पुसून मी गप्प बसले असते. पण वसईच्याच पाचूबंदर कोळीवाड्यातल्या माझ्या मावशीने त्या कोडवर ५,००० रुपये पाठवले, तेही जून महिन्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, बोंबील सुकवायच्या वलांड्या रिकाम्या. नव्या जाळ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

आधी त्या बियाचं बघू. मेसेजमध्ये मार्क १०:३० मधला 'शंभरपट' तेवढा उचललाय. वचन पुरतं वाचलं तर येशू म्हणतो, माझ्यासाठी ज्याने घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडली त्याला ती शंभरपट मिळतील, आणि त्यांच्यासोबत छळही. यात कुणाला पैसे पाठवायचा विषय आला कुठून? आणि शंभर आया म्हणजे काय हे कोळीवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वादळात बोट परतली नाही की ज्या बायका रात्रभर आपल्या ओटीवर येऊन बसतात, त्या आयाच. 'छळ' हा शब्द मेसेजमध्ये गाळलाय. अर्धं वचन छापून पैसे मागणं याला मी लबाडीच म्हणणार.

बियाचं दुसरं वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं, ९:६. जो सढळ हाताने पेरतो तो भरपूर कापणी करतो. ज्याने हे पाठवलं त्याने आठवा आणि नववा अध्याय सलग वाचावा, अर्धा तासही लागत नाही. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे यरुशलेमच्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी वर्गणी जमवतोय, स्वतःसाठी दमडीही मागत नाही. मासेदोनियाच्या मंडळींनी हलाखीत असताना दिलं याचं तो कौतुक करतो, पण त्या पुढे गबर झाल्या असं कुठेही म्हणत नाही. तुम्ही संपन्न व्हाल असं तो म्हणतो हे खरं; पण पुढे आणखी देता यावं म्हणून, हे त्याच वाक्यात आहे. आणि ८:२०-२१ तर प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावं. एवढी रक्कम हाताळताना कुणी आपल्याकडे बोट दाखवू नये म्हणून पौल आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनीच नेमलेला माणूस पाठवतो. देवासमोर तर झालंच, माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ असावा म्हणून. मावशीने स्कॅन केलेल्या कोडवर कुठल्या चर्चचं नाव नव्हतं की ट्रस्टचं. कुणा एकाचं खाजगी खातं होतं. तिने पावती मागितली तर उत्तर आलं, "विश्वासाने दिलेल्याची पावती मागू नये." प्रेषित पौलाला पैशासोबत साक्षीदार लागले आणि यांना साधी पावती जड होते!

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्या म्हणून मेसेजमध्ये मलाखी ३:१० दिलंय. त्याच अध्यायाचं पाचवं वचन बघा: मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-अनाथांना नाडणारे, यांच्याविरुद्ध देव साक्ष द्यायला उभा राहतो. आणि बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या १४:२८-२९ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी खायचा. मावशी स्वतः विधवा आहे.

येशू श्रीमंत होता, कारण शिष्यांकडे पैशाची थैली होती म्हणे. थैली होती. तिच्यात काय पडायचं ते लूक ८:३ मध्ये आहे: सोबतच्या बायका आपल्या पदरचं खर्च करत. त्याच्या जन्मानंतर मरिया-योसेफाने मंदिरात पक्ष्यांचं अर्पण केलं, आणि लेवीय १२:८ प्रमाणे ती सवलत कोकरू न परवडणाऱ्यांसाठी होती.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला. सुईचं नाक नावाचा दरवाजा यरुशलेमात होता याला पुरावा नाही. आणि असता, तर ऐकून शिष्य एवढे हादरले कशाला? "मग कोणाचं तारण होणार?" असं त्यांनी विचारलं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. बायबल गरिबीचे गोडवे गात नाही. अब्राहाम धनवान होता, येशूला आपली कबर देणारा अरिमथाईचा योसेफही. पोट रिकामं ठेवून अध्यात्म सांगणं बरं नाही, हे वसईच्या चर्चला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९१८ मध्ये इथे मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी कॅथलिक पतपेढी काढली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. सावकाराच्या विळख्यातल्या माणसाला तिथे हिशेबात कर्ज मिळू लागलं.

आजारपणाचं ऐकून मात्र माझा संताप झाला. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. त्यांचा विश्वास कमी होता काय? नीतिमान असून सगळं गमावलेल्या ईयोबाला "तुझंच काहीतरी चुकलं" म्हणणाऱ्या मित्रांवर देव रागावला, ईयोबावर नाही. आणि गरिबी शाप असेल तर प्रकटीकरणात स्मुर्णाच्या दरिद्री मंडळीला "तू श्रीमंत आहेस" असं ख्रिस्त का म्हणतो, आणि "मी धनवान आहे" म्हणणाऱ्या लावदिकियाला कंगाल आणि आंधळी का ठरवतो?

बंदीत कुणाचा हात अडला असेल तर आपल्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) गरजूंना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटीकडे जा, लाज धरू नका. आणि शंभरपटीच्या आशेने ज्यांनी त्या कोडवर पैसे पाठवलेत त्यांनी व्यवहाराचा क्रमांक पुसू नका. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या हेल्पलाइन नंबरवर करता येते. मावशीची आम्ही केली आहे.