नरथिहपते पळाला खरा, पण पगान जळालं नाही

ब्रह्मदेशच्या नरथिहपते राजावरची एक पोस्ट पुन्हा फिरते आहे. म्हणे रोज ३०० कालवणं हादडणाऱ्या या राजाने मंगोलांच्या धास्तीने ६,००० देवळं पाडली. तरी १२८७ मध्ये कुब्लाई खानाच्या फौजेने त्याला ठार करून त्याच्या राजधानीची, पगानची, राखरांगोळी केली.

कालवणांचं आधी उरकू. राजाने पगानमध्ये बांधलेल्या मिंगलाझेदी स्तूपाशी जोडलेलं हे बिरुद त्याच दमात राजाला ३ कोटी ६० लाख सैनिकांचा सेनापतीही म्हणतं. सैन्याचा आकडा थाप आणि कालवणांचा मात्र खरा, हे कसं?

देवळं पाडल्याची कथा येते ती १८३२ मध्ये पुऱ्या झालेल्या राजबखरीतून, म्हणजे साडेपाचशे वर्षांनी. पगानमध्ये आज साडेतीन हजारांवर स्मारकं नोंदलेली आहेत. त्यांच्या दीडपटीहून जास्त एकट्याने पाडली म्हणायची?

राजाला मंगोलांनी मारलं नाही. उत्तरेकडची ठाणी पडल्यावर तो इरावती नदीच्या खालच्या अंगाला पळाला, हे खरं; ‘चिन्यांना भिऊन पळालेला’ (मंगोल चीनकडून आले म्हणून ‘चिनी’) हे नाव लोकांनी त्याला कायमचं चिकटवलं. पण नंतर त्याने दिथापामौक या भिक्षूला थेट खानाच्या दरबारी धाडलं. ‘राज्य तांदळावर चालतं, आधी शेतं पिकू द्या,’ अशा अर्थाचा त्या भिक्षूचा युक्तिवाद शिलालेखात आहे. १२८७ मध्ये राजा मेला तो प्रोम शहरात, पोटच्या पोराने, थिहथूने, विष घ्यायला लावल्यामुळे.

आता राखरांगोळी. शहर भस्मसात झालं असतं तर राजाचा दुसरा एक मुलगा क्यॉस्वा पुढची काही वर्षं पगानमधून राज्य कसा करत होता? देवळांना दानं दिल्याचे शिलालेखही १२८७ नंतरचे सापडतात. मंगोल पगानपर्यंत पोचले का, यावरच अभ्यासकांत वाद आहे. क्यान्सित्था उमिन या विहाराच्या भिंतीवर मंगोल पेहरावातली माणसं रंगवली आहेत: एकाच्या हातावर ससाणा, दुसरा उडत्या बदकावर बाण रोखलेला. म्हणजे आले असतीलही. पण शहर जाळल्याच्या खुणा उत्खननात मिळालेल्या नाहीत.

राजसत्ता खिळखिळी झाली ती मुख्यतः देवस्थानांना दिलेल्या करमुक्त जमिनींमुळे. तिजोरी आटली, सरदार शिरजोर झाले. १२९७ मध्ये म्यिन्साइंग या ठाण्याच्या तिघा सरदार भावांनी क्यॉस्वाला गादीवरून खेचलं. गंमत अशी की मंगोल फौज पुढे आली ती पगानच्याच राजघराण्याला परत गादीवर बसवायला. १३०१ मध्ये तिने म्यिन्साइंगला वेढा दिला, भावांनी सेनापतींना लाच चारली, फौज माघारी गेली, आणि घरी परतल्यावर त्यातल्या बड्या सेनापतींना देहदंड झाला.