पंख्यावरचं नाव

लेकीच्या सातवीच्या विज्ञानाच्या बाईंनी परवा पालकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. शिक्षकांनी वर्गासाठी सामान मागायचं आणि लोकांनी देणगी द्यायची, अशा डोनर्सचूज नावाच्या साइटवर त्यांनी यादी लावलीय. तीस गॉगल, सहा डिजिटल तराजू, लिटमसच्या पट्ट्या आणि अगदी तळाशी टिश्यूचे डबे. अमेरिकेतल्या भल्या मोठ्या शहरातली सरकारी शाळा, आणि नाक पुसायला कागद वर्गणीतून!

डोनर्सचूज २००० साली चार्ल्स बेस्ट या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या सरकारी हायस्कूलच्या शिक्षकानं सुरू केलं. रोख रक्कम शिक्षकाच्या हातात पडत नाही, संस्थाच सामान घेऊन थेट शाळेत पाठवते. त्यामुळे हिशेबाची कटकट नाही, संशयाला जागा नाही. २०१८ मध्ये रिपल कंपनीनं २.९ कोटी डॉलर देऊन साइटवरच्या ३५ हजारांहून जास्त मागण्या एका फटक्यात पुऱ्या केल्या. मला ही संस्था मनापासून आवडते. मीही चाळीस डॉलर दिले.

खटकलं ते वेगळंच. मागणीसोबत बाईंना वर्गाची ओळख लिहावी लागते. त्यांनी लिहिलं, माझी बरीचशी मुलं गरीब घरांतली आहेत. लेकीनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "बाबा, हे आपल्याबद्दल आहे?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

गावच्या आमच्या शाळेत पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असायचं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पंखा फिरत असला की नाव दिसायचं नाही, लाइट गेली की वाचता यायचं. पण त्या पंख्यासाठी गुरुजींना आमच्या घरची परिस्थिती गावभर सांगावी लागली नव्हती.

बरं, बाईंचं इंग्रजी फर्डं, म्हणून यादी भरेल. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांना असलं लिहिणं जमत नाही. मग त्यांच्या मुलांनी काय करायचं?

इथे शाळेच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. महागड्या घरांच्या उपनगरात घरपट्टी भरपूर, तिथल्या शाळांना टिश्यू मागत फिरावं लागत नाही. आणि शिक्षक पदरमोड करतात हे सरकारला ठाऊक नाही असंही नाही. इन्कम टॅक्सच्या फॉर्मात त्यासाठी चक्क रकाना आहे! पूर्वी २५० डॉलरपर्यंतची वजावट मिळायची, २०२२ मध्ये ती ३०० झाली. रकाना वाढवला, खर्च मात्र बाईंच्याच पर्समधून.

मंगळवारी शिक्षण मंडळाची बजेटवर सुनावणी आहे. बोलायला माणशी दोन मिनिटं. बाईंची यादी प्रिंट काढून नेतोय. ग्रुपवरचं कोणी येतंय का सोबत?