आधी तीन लाखांची रायफल घ्या म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला आणि प्रत्येकाने खाली विचारलं, "सर, हे खरं आहे का?" मजकुराचा सारांश असा: मुलाला रायफल नेमबाजीत पुढे न्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी नवी कोरी जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घ्या, अडीच-तीन लाख गेले तरी चालतील, कारण साध्या रायफलीवर हात बिघडतो. वापरलेली रायफल म्हणजे भंगार. एवढे पैसे नसतील तर साधी एअरगन घेऊन तिच्यावर दुर्बीण बसवा, नेम आपोआप लागतो. रायफल जितकी जड तितकी स्थिर. छर्रे कुठलेही चालतात. आणि लायसन्सची भानगड असते, म्हणून ओळखीच्या माणसाकडूनच खरेदी करा.

मी दहा मीटरच्या रेंजवर नवशिक्या मुलामुलींना शिकवतो. हा मजकूर वाचून एका घरात दागिने गहाण ठेवायची बोलणी सुरू झाली होती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात रायफलीच्या किमतीपासून. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला टेन, म्हणजे दहा गुणांची जागा, हा ०.५ मिलिमीटरचा पांढरा ठिपका, खसखशीच्या दाण्याहून लहान. त्याभोवतीचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकतं. हे आकडे बघितले की वाटतं, एवढ्या बारीक कामाला सगळ्यात महागडं हत्यारच लागणार. पण दुसरा हिशोब मांडा. रायफलीवरच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये, म्हणजे ज्यांतून नेम धरतात त्या दोन भागांमध्ये, साधारण ८० सेंटीमीटर अंतर असतं. मागची साइट जागेवर राहून पुढची ०.२ मिलिमीटर जरी सरकली, तरी दहा मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे एक वर्तुळ गेलं. श्वास, हृदयाचा ठोका, ट्रिगरवरचं बोट, यातल्या कशानेही एवढी हालचाल होते. नव्या मुलाचे पहिल्या महिन्यातले दहा शॉट वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत पसरलेले असतात. हा पसारा त्याच्या उभं राहण्यातून येतो, आणि तीन लाखांची रायफल दिली तरी तो तेवढाच राहतो.

मग रायफल स्वतः किती चुकते? गेल्या पावसाळ्यात मुलांना हेच दाखवायचं ठरवलं. क्लबची एक जुनी वॉल्थर कंपनीची मॅच रायफल आहे. खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटचं रबर झिजलेलं, लाकडावरचं पॉलिश कधीच गेलेलं, आणि किती मुलांनी गाल टेकून चीकपीसची कड गुळगुळीत केलीय त्याची मोजदाद नाही. ती टेबलावर शिकंज्यात आवळली आणि तीन वेगळ्या डब्यांतले पाच-पाच छर्रे मारले. पहिल्या डब्यातले पाचही एकाच भोकातून गेले. कागद उजेडाकडे धरला तर भोक हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. छर्राच मुळी ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे पाच शॉटांमध्ये फरक जेमतेम मिलिमीटरभर. दुसऱ्या डब्याचं भोक किंचित लांबट झालं. तिसऱ्यात बाजारात मिळणारे टोकदार छर्रे होते. ती पाच भोकं झाकायला रुपयाचं नाणं ठेवावं लागलं. रायफल तीच, शिकंजा तोच, हात कुणाचाच नाही.

त्यामुळे "छर्रे कुठलेही चालतात" हे मजकुरातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. मॅचचे छर्रे पुढून सपाट असतात, कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात, म्हणून गुण मोजता येतात. त्यांच्या डोक्याचं मापही ४.४९, ४.५० असं डबीवर लिहिलेलं असतं आणि प्रत्येक नळीला वेगळं माप मानवतं. कुठलं, ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि त्यांचा खप बघा. मुलगा आठवड्यातून चार दिवस, रोज ६० शॉट मारत असेल तर आठवड्याला २४०. पाचशेची डबी दोन आठवड्यांत संपते. वर्षाला पंचवीस डब्या. सगळे पैसे रायफलीत घातलेल्या घरात सहाव्या महिन्यात काय होतं ते मी पाहिलंय. मुलगा रोजचे साठचे तीस शॉट करतो, मग वीस, आणि रायफल पेटीत चकचकीत राहते.

आता वजन. नियमाप्रमाणे दहा मीटरची एअर रायफल साडेपाच किलोच्या आत असावी लागते. ही कमाल मर्यादा आहे. तिथपर्यंत पोचायलाच हवं असं कुणी सांगितलेलं नाही. एक बारा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली, वजन ३४ किलो, हातात नवी पाच किलोची रायफल. शरीराच्या सातव्या भागाएवढं वजन एका अंगाला. ती उभी राहिली की कंबर मागे वाकायची, उजवा खांदा वर चढायचा आणि रायफलपर्यंत पोचायला मान पुढे यायची. वडील अभिमानाने सांगत होते की दुकानदाराने सगळ्यात जड वजनं लावून दिलीत, नेम हलू नये म्हणून. आम्ही आधी वजनं काढली. मग बटप्लेट खाली घेतली, चीकपीस वर केला, मागची लांबी कमी केली. डोकं रायफलीकडे न्यायचं नसतं, रायफल डोक्याकडे आणायची असते. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकला पाहिजे, म्हणजे वजन हाडांवरून जमिनीत जातं आणि स्नायूंना धरून ठेवावं लागत नाही. एवढं करूनही ती रायफल तिला जडच होती. शेवटी क्लबची हलकी ज्युनियर रायफल दिली आणि तिसऱ्या आठवड्यात तिचा ग्रुप, म्हणजे शॉटांचा पसारा, निम्म्यावर आला. घरची रायफल दीड वर्ष पेटीत राहिली. वाढत्या वयाच्या मुलाची पाठ हा सगळ्यात मोठा खर्च आहे, तो कुठल्याही कोटेशनमध्ये दिसत नाही.

दुर्बिणीचं थोडक्यात सांगतो. ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट असे प्रकार असतात, तिथेही नाही. पीप साइटमध्ये मागच्या बारीक भोकातून बघायचं, पुढच्या साइटमधल्या कड्यात काळा गोल बसवायचा आणि दोघांमधली पांढरी किनार सगळीकडून सारखी ठेवायची. ही किनार वाचायला डोळ्याला महिने लागतात. दुर्बिणीत हाताचा प्रत्येक कंप मोठा होऊन दिसतो, मूल घाबरतं आणि रेघ मध्यावर आली रे आली की ट्रिगर ओढतं. ही ओढायची सवय मोडायला मला एकेका मुलावर वर्ष घालवावं लागलंय.

"वापरलेली म्हणजे भंगार" हा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, कारण मध्यमवर्गीय घराची खरी सोय इथेच आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या मॅच रायफलीची नळी सहजासहजी झिजत नाही. शिशाचा मऊ छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने जातो, आत ना दारू ना जाळ. झिजतात ते सील आणि वॉशर, आणि ते बदलता येतात. म्हणून जुनी रायफल बघताना चकाकी बघू नका. हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदत बघा. ती उलटलेली असेल तर स्पर्धेत तो सिलिंडर वापरता येत नाही आणि त्याची जबाबदारी नियमाप्रमाणे खेळाडूवरच असते. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करायला सांगा. सिलिंडर भरून रायफल रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी गेजवरचा काटा बघा. खाली आला असेल तर कुठेतरी गळती आहे. ट्रिगरची पहिली, हलकी स्टेज संपून शॉट सोडणारी दुसरी लागते ती जागा प्रत्येक वेळी बोटाला तीच जाणवते का, बघा. रायफल शिकंज्यात धरून पाच छर्रे मारल्याशिवाय पैसे देऊ नका. जो विकणारा हे करू देत नाही, त्याच्याकडून उठून या. सुटे भाग मिळतात का आणि मूळ बिल आहे का, हेही तिथेच विचारा. ज्युनियर गटातून वर गेलेली मुलं रायफल बदलतात, त्यांच्या घरी अशा चांगल्या जपलेल्या रायफली असतात. भारतीय बनावटीच्याही रायफली आता मिळतात, त्याही याच कसोटीवर तपासा.

लायसन्सबद्दल मजकुरात भीती घातलीय. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. दहा मीटरची मॅच रायफल सात-आठ ज्यूलच्या आसपास असते. पन्नास मीटरला लागणारी पॉइंट टू टू (.२२) रायफल हे बंदुकीच्या दारूवर चालणारं शस्त्र आहे, तिला परवाना लागतोच आणि तिचा विचार पहिल्या वर्षी करायची गरज नाही. तेव्हा एअर रायफलीसाठी कुणाच्या "ओळखीची" गरज नाही. बिल देणाऱ्याकडूनच घ्या. परवाना नाही म्हणजे खेळणं आहे, असंही समजू नका. तिचा छर्रा डोळा घालवू शकतो. रेंजवर शॉट मारत नसताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) असलाच पाहिजे आणि नळीचं तोंड सदैव टार्गेटकडे. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे खाण्याआधी साबणाने हात धुणं आमच्याकडे सक्तीचं आहे.

मजकुराच्या शेवटी मोठ्या खेळाडूंची नावं घेतलीत, जणू त्यांची सुरुवात महागड्या रायफलीने झाली. अभिनव बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती हे खरं आहे आणि २००८ च्या बीजिंगमधल्या सुवर्णामागे त्या सोयीचा वाटा होता हेही मान्य. पण आपल्या मातीतली नावं वेगळं सांगतात. अंजली भागवत एनसीसीतून या खेळाकडे वळल्या आणि २००० साली सिडनीत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) ४५१.४ गुणांसह त्याने कांस्य घेतलं. एनसीसी, क्रीडा प्रबोधिनी, जिल्ह्याची रेंज, हे दरवाजे आजही उघडे आहेत आणि तिथे रायफल आधीच ठेवलेली असते.

मग घरच्या पैशाचं करायचं काय? पहिले सहा महिने क्लबच्या रायफलीवर काढा. या काळात हातमोजा आणि बूट घ्या, ते मापाचे लागतात आणि दुसऱ्याचे वापरून चालत नाही. जॅकेटची घाई करू नका. उभं राहण्याची ढब पक्की होण्याआधी शिवलेलं जॅकेट नंतर चुकीच्या जागी आवळतं, आणि पुढे पुरेल म्हणून मोठं घेतलेलं तर निरुपयोगी. उरलेल्या पैशांचे छर्रे. घरी ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या रायफलीने नेम धरून ट्रिगर दाबायचा सराव, करता येतो, त्याला छर्राही लागत नाही. भिंतीवर १.४ मीटर उंचीवर १५ मिलिमीटरचा काळा ठिपका चिकटवा आणि पाच मीटरवर उभं राहा, दहा मीटरवर जेवढा दिसतो तेवढाच दिसेल. मात्र त्यासाठी ड्राय फायरिंगची सोय असलेलीच रायफल हवी. स्प्रिंगची एअरगन रिकामी चालवली तर पिस्टन पुढे जाऊन आपटतो आणि खराब होतो. रायफल घरी नेता येत नसेल तर रेंजवरच पहिली वीस मिनिटं यासाठी ठेवा.

स्वतःची रायफल कधी घ्यायची, याचं उत्तर मुलाच्या कागदात असतं. शिकंज्यातला ग्रुप आणि त्याच्या हातचा ग्रुप शेजारी ठेवा. हरभरा आणि वाटी एवढा फरक असेल तर थांबा. तो फरक कमी होत गेला, साठ शॉट ७५ मिनिटांत न थकता होऊ लागले, उंची वाढायची थोडी थांबली, आणि मूल स्वतःहून म्हणायला लागलं की चीकपीस अजून दोन मिलिमीटर वर हवा होता पण दुसऱ्याची रायफल म्हणून लावता येत नाही, की मग बघायला निघा. राज्य पातळीच्या पुढे स्वतःच्या अंगावर बसवलेली चांगली रायफल लागते, मजकुरातली तेवढी गोष्ट बरोबर आहे.

दागिन्यांचा विषय निघालेल्या त्या घरातला मुलगा सध्या आमच्याकडे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी येतो. जुन्या वॉल्थरवरच मारतो. परवा त्याच्या आईने पहिल्या डब्यासारख्या छर्र्यांच्या सहा डब्या आणून कपाटात ठेवल्या, आणि प्रत्येकीवर पेनाने उघडायची तारीख लिहिली.