हेल्मेट घातलेली रग्बी?

दरवर्षी जुलैच्या अखेरीस अमेरिकेत एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, सराव शिबिरे सुरू झाली की प्रत्येक संघाच्या चाहत्यांना नव्या भिडूंची स्वप्ने पडू लागतात, आणि त्या भिडूंमध्ये एखादा रग्बी सोडून आलेला असला की त्याच्याविषयीचा एक ठरावीक दावा हातोहात पसरतो. दावा असा : अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेली रग्बीच; रग्बीपटूकडे वेग, ताकद आणि अंगावर येणाऱ्याला हुलकावणी देण्याचे कसब आधीपासूनच असते; क्रिश्चन वेड, जॅरिड हेन आणि जॉर्डन मायलाटा यांनी ते सिद्ध करून दाखवले आहे; किकऑफच्या, म्हणजे चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे धाडून खेळ सुरू करण्याच्या, नव्या नियमाने तर वाट आणखी सोपी झाली आहे; तेव्हा त्याला पहिल्या सामन्यापासून खेळवावे, आणि प्रशिक्षक तसे करत नसतील तर तो त्यांचा करंटेपणा. यातली नावे खरी आहेत. त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र तपासायला घेतले की टिकत नाहीत.

आधी वेडचे उदाहरण घेऊ, कारण त्याचीच चित्रफीत सर्वाधिक फिरते. इंग्लंडचा हा चपळ विंगर (कडेने धावणारा रग्बीपटू) ८ ऑगस्ट २०१९ रोजी बफेलो बिल्सकडून इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्धच्या सराव सामन्यात उतरला आणि पहिल्यांदाच हाती आलेला चेंडू घेऊन थेट ६५ यार्ड धावत त्याने टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला. दृश्य देखणे होते, यात वाद नाही. परंतु शिबिराच्या काळात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात आणि मोसम सुरू होण्यापूर्वी त्यांतले ५३ उरतात. सराव सामन्यांत मुरलेले खेळाडू थोडा वेळ दिसून बाकावर जातात, बचावाचे खरे डाव झाकून ठेवले जातात आणि उरलेला खेळ बहुतांशी अशा मंडळींमध्ये होतो, ज्यांतल्या अनेकांना पंधरवड्यात घरी जायचे असते. वेड त्यानंतर ५३ जणांबाहेरच्या राखीव सराव चमूत राहिला आणि मुख्य मोसमातला एकही सामना न खेळता रग्बीकडे परतला. सराव सामन्यातल्या शतकावरून कसोटीचा संघ निवडण्याची सूचना कोणी केली, तर आपण तिची जितकी दखल घेऊ, तितकीच त्या ६५ यार्डांची घ्यावी.

हेनचा दाखला याहून भक्कम वाटतो, कारण तो ५३ जणांत खरोखरच पोहोचला. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगमध्ये सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे डॅली एम पदक त्याने २००९ आणि २०१४ असे दोनदा मिळवले होते, आणि २०१५ च्या शिबिरात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या चाहत्यांना त्याने अक्षरशः वेड लावले होते. मग १४ सप्टेंबरला मिनेसोटाविरुद्ध मोसमातला पहिला सामना आला, आणि त्याच्या वाट्याला आलेला पहिलाच पंट (प्रतिस्पर्ध्याने लाथेने उंच उडवलेला चेंडू) त्याच्या हातून निसटला. ऑक्टोबर संपता संपता त्याला मुख्य संघातून वगळण्यात आले. आठ सामने, १७ वेळा चेंडू घेऊन धावणे आणि एकूण ५२ यार्ड, एवढीच त्याच्या एनएफएल कारकिर्दीतील धावण्याची जमा आहे. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याने या खेळाचा निरोप घेतला.

हे का घडते, हा या विषयाचा गाभा आहे. रग्बीत ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला अडवणे हा गुन्हा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये तीच अडवणूक, म्हणजे ब्लॉकिंग, हा खेळाचा कणा आहे, आणि मैदानावरच्या अकरा जणांपैकी बहुतेकांना बहुतेक वेळा तेच काम करावे लागते. रनिंग बॅक म्हणजे केवळ चेंडू घेऊन पळणारा गडी, अशी रग्बीकडून येणाऱ्यांची आणि चाहत्यांचीही समजूत असते. प्रत्यक्षात, चेंडू खेळात येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत त्याला समोरच्या बचावाची मांडणी वाचून बचावाच्या दुसऱ्या फळीतला कोणता लाइनबॅकर क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्यावर, झेपावणार आहे हे ओळखावे लागते, आणि मग स्वतः चेंडूपासून दूर राहून त्या माणसाच्या छातीवर जाऊन आदळावे लागते. हा अंदाज एकदा चुकला, तर संघाचा सर्वांत महागडा खेळाडू स्ट्रेचरवरून बाहेर जाऊ शकतो. ज्याने लहानपणापासून चेंडूमागेच धावायचे शिकले आहे, त्याच्यावर प्रशिक्षक हा भरवसा सहा आठवड्यांत टाकत नाहीत, यात करंटेपणा नाही. त्यात धावण्याच्या ढबीची भर पडते : मोकळ्या जागेत छाती ताठ ठेवून, चेंडू दोन्ही हातांत पुढे धरून धावणारा रग्बीपटू जोडीदाराला पास देण्याची वाट खुली ठेवत असतो, पण फुटबॉलमध्ये तसे धावणाऱ्याचा चेंडू पाडणे बचावाला फार सोपे जाते.

आता मायलाटा. दाव्याचे समर्थक हे नाव हुकमाच्या पत्त्यासारखे टाकतात, आणि माझ्या मते नेमके तेच नाव त्यांच्या विरोधात जाते. सिडनीचा, सामोअन कुटुंबातला, सहा फूट आठ इंच उंच आणि दीडशे किलोंहून अधिक वजनाचा हा मुलगा साउथ सिडनीच्या २० वर्षांखालील संघात खेळत असे. २०१८ च्या निवडीत (संघ ज्यात पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात त्या ड्राफ्टमध्ये) फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला २३३ व्या क्रमांकावर घेतले आणि लेफ्ट टॅकलच्या, म्हणजे क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणाऱ्याच्या, जागी उभे केले. या जागेवरच्या खेळाडूला सहसा चेंडू मिळतच नाही. त्याला मागे सरकत, कंबर खाली ठेवून, दोन्ही तळवे प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांच्या आत रोवत त्याला थोपवावे लागते, आणि पकड जराशी बाहेर गेली की दहा यार्डांचा दंड बसतो. म्हणजे मायलाटाने रग्बीतले कसब वापरले नाही. रग्बीत ज्यावर शिट्टी वाजते तेच काम तो ईगल्सचे तेव्हाचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांच्या हाताखाली मुळापासून शिकला. २०१८ आणि २०१९ या दोन्ही मोसमांत तो एकही सामना खेळला नाही, पाठीच्या दुखापतीने दोन्ही वर्षे त्याला घेरले, आणि २०२० मध्ये इतर जण जायबंदी झाले तेव्हा त्याची पाळी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाचा तो आधारस्तंभ होता. पण २०१८ च्या शिबिरात त्याला लगेच खेळवण्याची मागणी मान्य झाली असती, तर हे पुढचे काही घडले असते, असे मला वाटत नाही.

नेट एबनरचे नावही मध्येच घेतले जाते. तो रग्बीपटू होता आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळला, हे खरे आहे. परंतु एनएफएलमधल्या न्यू इंग्लंड संघाकडे जाण्यापूर्वी तो ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघात होता, ही गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते.

किकऑफच्या नियमाविषयीचा मुद्दा वरवर पाहता पटण्यासारखा आहे. २०२४ पासून दोन्ही बाजूंचे बहुतेक खेळाडू समोरासमोर, जवळजवळ उभे राहतात आणि चेंडू पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत त्यांना हलता येत नाही. त्यामुळे तो चेंडू घेऊन उलट धावणाऱ्याला, म्हणजे किकऑफ परतवणाऱ्याला, लांबून सुसाट येणारी टक्कर सोसावी लागत नाही. त्याच वर्षी वेल्सचा लुई रीस-झॅमिट वयाच्या २२ व्या वर्षी रग्बी सोडून कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला, तेव्हा हा नियम जणू त्याच्यासाठीच केला असल्याचे बोलले गेले. ऑगस्टच्या अखेरीस चीफ्सने त्याला वगळले, जॅक्सनव्हिल या दुसऱ्या संघाने राखीव चमूत घेतले आणि मोसमातला एकही सामना न खेळता तो २०२५ मध्ये रग्बीत परतला. कारण साधे आहे. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी जास्तीत जास्त ४८ जण गणवेशात असतात, आणि सामन्यात मोजक्या वेळा किकऑफ परतवण्यासाठी त्यांतली एक जागा कोणी अडवून ठेवत नाही. त्याच माणसाला राखीव रनिंग बॅक किंवा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) म्हणूनही उभे राहता आले पाहिजे, म्हणजे गाडी पुन्हा ब्लॉकिंगपाशीच येऊन थांबते.

राहता राहिली ती उलट्या बाजूची तक्रार, की असा परदेशी खेळाडू ठेवल्याने एखाद्या होतकरू अमेरिकन मुलाची जागा जाते. २०२४ पासून सर्व ३२ संघांना राखीव चमूतल्या १६ जागांखेरीज सतरावी जागा केवळ आंतरराष्ट्रीय खेळाडूसाठी मिळते, त्यामुळे या जागेपुरता तरी कोणाचाही घास हिरावला जात नाही. शिबिराला जाणाऱ्या चाहत्यांनी त्याला पाहायचेच असेल, तर चेंडू घेऊन तो किती पळाला हे मोजण्यापेक्षा मैदानाच्या कोपऱ्यात चालणारा ब्लॉकिंगचा एकास-एक सराव पाहावा, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला उताणा पडणारा तो गडी महिनाअखेरीस पायांवर उभा राहतो का, एवढेच पाहावे.