खुलासा : २०० मिलिवॅटवर समुद्रापार गप्पा होत नाहीत

‘२०० मिलिवॅटवर परवान्याशिवाय समुद्रापार बोला’ हा हौशी रेडिओबद्दल (हॅम रेडिओ) माझ्या नावाने फिरणारा संदेश चुकीचा आहे. इतक्या कमी शक्तीवर केलेल्या माझ्या रेडिओ-प्रयोगात आवाज नव्हताच. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ व हौशी रेडिओचालक जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेल्या डब्ल्यूएसपीआर (WSPR) या क्षीण संकेतांसाठीच्या संगणकीय पद्धतीत केवळ संकेतनाव (रेडिओचालकाचे ओळख-चिन्ह), ठिकाण आणि प्रक्षेपणाची शक्ती एवढाच मजकूर सुमारे ११० सेकंद, जेमतेम ६ हर्ट्झच्या अतिशय अरुंद वारंवारता-पट्ट्यात पाठवला जातो, आणि म्हणूनच पडद्यावर धड रेघही न उमटणारा, गोंगाटात बुडालेला संकेत दूरचा संगणक वेचू शकतो. हौशी रेडिओसाठी राखलेल्या वारंवारता-पट्ट्यांवर प्रक्षेपणासाठी, शक्ती कितीही कमी असो, परवाना लागतोच. माझ्या मूळ वाक्यातला ‘परवानाधारक’ हा शब्द कुणीतरी गाळला आहे. या छंदात नवी मुले यावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणूनच त्यांची सुरुवात नियमभंगाने होऊ नये. कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असल्यास हा खुलासा त्याच गटांत टाका.