कापडाचं काय घेऊन बसलात?

कपड्यांचा ब्रँड काढायचा म्हणताय? उत्तम. मग आधी तो हातातला ताका खाली ठेवा. इचलकरंजीच्या कुठल्या मागावर बरं कापड निघतं, तिरुपूरची होजिअरी कितीला पडते, पहिल्या धुण्यात रंग जातो का, बाही आटते का, असले प्रश्न ज्यांना पडतात ते जन्मभर दुसऱ्यासाठी जॉबवर्क करतात. ब्रँडवाल्याला एकच प्रश्न पडतो: चेहरा कोणाचा?

तर चेहरा क्रिकेटवाल्याचा. कुस्तीकडे बघूसुद्धा नका. लंगोटावर लोगो लावायला जागा कुठे आहे?

तुम्ही काही नवं पाप करत नाही आहात, हेही लक्षात घ्या. टायगर पतौडी ग्वाल्हेर सूटिंगच्या जाहिरातीत उभे राहिले होते. नवाबच ते, त्यांच्या अंगावर पोतंही शोभलं असतं, पण श्रेय सूटिंगला गेलं. सुनील गावसकर दिनेशच्या सुटात दिसले. रिलायन्सच्या विमलने तर व्हिव्ह रिचर्ड्स आणि ॲलन बॉर्डर यांनाच सूट चढवले आणि १९८७ साली अख्ख्या विश्वचषकाचं नाव ‘रिलायन्स कप’ झालं. पण त्या काळी धंद्यात एक मोठी अडचण होती: शिंपी. कापड मीटरवर मिळायचं. जाहिरातीत गावसकर, पिशवीत पँटपीस आणि दोघांच्या मध्ये गळ्यात टेप अडकवलेला आपल्या गल्लीतला शिंपी. तो कमरेचा आकडा दुकानभर ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा, पोऱ्या तो वहीत लिहायचा आणि तुमचा गावसकर तिथंच त्रिफळाचीत व्हायचा. रेडिमेडने हा माणूस मधून काढला. आता ४४ला ‘डबल एक्सएल’ म्हणतात आणि कोणी ओरडत नाही. ट्रायल रूमचं दार लावलं की आत तुम्ही आणि तुमचा विराट.

आता चेहऱ्याला नुसते पैसे देण्याचे दिवस गेले. त्याला ब्रँडच काढून द्यायचा. सचिनचा ‘ट्रू ब्लू’ २०१६मध्ये आला, त्याच वर्षी धोनीचा ‘सेव्हन’. कोहली त्यांच्याही आधी, २०१४मध्ये ‘रॉन्ग’ घेऊन आला आणि त्यात इंग्रजी स्पेलिंगची शेवटची दोन अक्षरं मुद्दाम उलटी लावली. आपल्या मास्तरांनी ज्या चुकीसाठी हातावर छडी मारली, ती छातीवर छापली की तिची किंमत होते. पाठीवरचा आकडाही वाया घालवू नका. १८ नंबरचा ‘वन-एट’ झाला. त्याच कोहलीशी ‘प्यूमा’ने २०१७ साली आठ वर्षांसाठी सुमारे ११० कोटींचा करार केल्याच्या बातम्या होत्या. एवढ्या पैशात किती माग आले असते, असा हिशेब मनात आला असेल तर माफ करा, तुम्ही अजून कापडवालेच आहात.

शिकण्यासारखा खरा धडा मात्र लग्नाचे कपडे विकणाऱ्या ‘मान्यवर’चा. ऑक्टोबर २०१७. विराट आणि अनुष्का एका लग्नाला पाहुणे म्हणून आलेत आणि तिथं एकमेकांना वचनं देताहेत. शेरवानी, लेहंगा, डोळ्यांत पाणी. अर्धा देश हळवा झाला, उरलेला अर्धा शिवायला टाकलेले कपडे रद्द करून दुकानात गेला. ११ डिसेंबरला इटलीतल्या टस्कनीत दोघांचं खरंखुरं लग्न झालं. कपडे डिझायनर सब्यसाचीचे! रागावू नका. यात फसवणूक कसली? जाहिरातीतलं लग्न जाहिरातीतल्या कपड्यात, लग्नातलं लग्न लग्नातल्या कपड्यात. गिऱ्हाईकाने फक्त आपलं लग्न यांतलं कुठलं, ते ठरवायचं असतं. आणि पाहा, विक्रीला धक्का लागला असं कोणी म्हणालं नाही. उलट लग्नाच्या प्रत्येक बातमीबरोबर लोकांना ती जाहिरातही आठवत राहिली.

कागदपत्रांत मात्र ढिलाई नको. रॉजर फेडरर २०१८मध्ये ‘नाइकी’ सोडून ‘युनिक्लो’चे कपडे घालून विम्बल्डनला उतरला, पण त्याच्याच नावाची ‘आरएफ’ ही दोन अक्षरं ‘नाइकी’कडे राहिली. बिचाऱ्याला ती २०२०मध्ये परत मिळाली. टेनिस त्याने खेळायचं, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. तुमच्या खेळाडूची आद्याक्षरं पहिल्या दिवशीच स्वतःच्या नावावर चढवून घ्या. निष्ठा कशी असावी हे पाहायचं असेल तर १९९२चं बार्सिलोना आठवा. सुवर्णपदक घ्यायला अमेरिकेचा बास्केटबॉल संघ उभा, अंगावर ‘रीबॉक’ची जॅकेटं, आणि मायकेल जॉर्डन तर ‘नाइकी’चा माणूस. त्याने राष्ट्रध्वज असा खांद्यावर घेतला की ‘रीबॉक’चं नाव बरोब्बर झाकलं गेलं. करार पाळला गेला आणि देशप्रेमाचा फोटोही आला. असा माणूस मिळाला तर मागेल ते द्या.

देशप्रेमावरून आठवलं: भारतीय संघाची जर्सी. त्या निळ्या कापडाच्या छातीवर सहारा झालं, स्टार झालं, मग ओप्पो, बायजूज आणि पैसे लावून खेळायचं ॲप ड्रीम-इलेव्हन. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि सप्टेंबरमध्ये आशिया चषकाला आपला संघ रिकाम्या छातीने उतरला. नुसतं ‘इंडिया’ लिहिलेलं होतं. किती उघडंबोडकं वाटलं असेल पोरांना! नंतर टायरवाले धावून आले. कपडे पुरवणाऱ्यांचंही तेच. २०२०मध्ये ‘नाइकी’ गेली आणि मोबाइलवर खेळ चालवणारी एमपीएल आली, २०२३च्या सुरुवातीला ‘किलर’ जीन्सवाले आले, त्याच वर्षी जूनपासून ‘आदिदास’. चाहता प्रत्येक वेळी नवी जर्सी घेतो. रंग तोच निळा, पण जुनी घालून स्टेडियमवर गेलं तर शेजारचा असा बघतो, जणू आपण दिवाळीला गेल्या वर्षीचा सदरा घालून आलोय.

कायद्याला घाबरू नका, वळसा घाला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. म्हणून तपासता येईल असं काहीही खेळाडूच्या तोंडी घालू नका. ‘शंभर टक्के सुती’ म्हणालात की कोणीतरी दोरा काढून जाळून बघणार. ‘जिद्द’ म्हणा. ‘आग आतली आहे’ म्हणा. जिद्द किती टक्के सुती आहे, हे कुठल्या प्रयोगशाळेत कळतं?

आणि महिला खेळाडू? त्यांच्यावर आधीपासून खर्च करायचा नसतो. जिंकल्या की अभिनंदन करायचं, फोटो त्यांचा आणि कोपऱ्यात नाव आपलं. अर्थात इथंही जरा जपून. २०२१मध्ये टोकियोला पी. व्ही. सिंधूने कांस्य जिंकलं, तेव्हा न विचारता अशी ‘अभिनंदनं’ करणाऱ्या ब्रँडांच्या हाती तिच्या व्यवस्थापन कंपनीच्या वकिलांचा कागद पडला. कौतुक करायचीही आता सोय राहिली नाही! पूर्वी बरं होतं. सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळावर नेमलेल्या प्रशासक समितीचे प्रमुख विनोद राय यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की पुरुषांचे गणवेश कापून महिला संघासाठी पुन्हा शिवले जात होते. म्हणजे बघा, ज्या शिंप्याला आपण मघाशी धंद्यातून हाकललं, तो इथं कामाला होता. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत याच संघाने विश्वचषक उचलला, आणि तोवर कोरडे असलेले कितीतरी ब्रँड रात्रीतून त्यांचे जन्मजन्मांतरीचे चाहते निघाले. तुम्हीही त्यात असा. उशीर झाला तर पुढच्या विजयापर्यंत थांबावं लागतं.

एक शेवटची गोष्ट, घरातली आहे म्हणून सांगतो. माझ्या वडिलांनी गावसकरांची जाहिरात बघून लग्नकार्यासाठी एक पँटपीस घेतला होता. त्याची पँट त्यांनी ऑफिसात घातली, मग घरी घातली, मग आईने तिची पिशवी शिवली. त्या पिशवीतून आमच्याकडे अजून भाजी येते. शिवण दोनदा उसवली, कापड जिथल्या तिथं. वडिलांनी त्यानंतर त्या कंपनीचं काही म्हणजे काही घेतलं नाही, गरजच पडली नाही. म्हणून म्हणतो, तो ताका खाली ठेवा.